‘ड’ जीवनसत्त्वाची चाचणी कोणाची करावी?

आरोग्य तपासणीच्या बहुतेक पॅकेजमध्ये आता ‘ड’ जीवनसत्त्वाची चाचणी असते. साखर, कोलेस्टेरॉल आणि थायरॉइड यांच्या रांगेत ती इतकी सहज जाऊन बसली आहे की ती कशासाठी केली, हे रुग्ण विचारत नाहीत आणि डॉक्टरही फारसे सांगत नाहीत. पस्तिशीतला, कोणतीही तक्रार नसलेला माणूस रिपोर्ट घेऊन दवाखान्यात येतो. त्यात २२ हा आकडा ठळक टाइपात असतो, शेजारी ‘अपुरे’ असा शेरा असतो, आणि त्याच संध्याकाळी मेडिकलमधून ६०,००० आययूच्या (आययू हे जीवनसत्त्व मोजण्याचे आंतरराष्ट्रीय एकक) पुड्यांची पट्टी घरी जाते. या माणसाची चाचणी मुळात व्हायलाच नको होती, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्यांच्या हाडांचा आजार या चाचणीने उघड झाला असता, अशा रुग्णांना मात्र ती लिहून दिली जात नाही. आपले लक्ष आणि पैसा पहिल्या गटावर खर्च होतो आणि दुसरा गट वर्षानुवर्षे वेदनाशामक गोळ्यांवर राहतो, म्हणून हा प्रश्न केवळ खर्चाचा राहत नाही.

२२ हा आकडा अपुरा कोणत्या हिशेबाने ठरला, ते आधी पाहू. नोव्हेंबर २०१० मध्ये अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या समितीने उपलब्ध पुरावा तपासून सांगितले की, रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये २० नॅनोग्रॅम इतके ‘ड’ जीवनसत्त्व असले तर जवळजवळ सर्व निरोगी माणसांच्या हाडांची गरज भागते. निम्म्या लोकांची गरज तर १६ नॅनोग्रॅमलाच भागते. पुढच्याच वर्षी एंडोक्राइन सोसायटी या संप्रेरकतज्ज्ञांच्या संघटनेने वेगळी चौकट मांडली: २० च्या खाली कमतरता, २१ ते २९ अपुरे, ३० पासून पुढे पुरेसे. प्रयोगशाळांनी हीच चौकट उचलली आणि रिपोर्टांवर छापली. त्यामुळे एका रात्रीत, कोणाच्याही प्रकृतीत काहीही न बदलता, कोट्यवधी माणसे ‘अपुरी’ ठरली. २०१६ मध्ये इन्स्टिट्यूटच्या समितीतील काही सदस्यांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये लिहून ही गफलत दाखवून दिली. २० ही पातळी जवळजवळ सर्वांची गरज भागवणारी आहे, याचा अर्थच असा की बहुतेकांना त्याहून कमी पातळी पुरते. तेव्हा २० च्या खालचा प्रत्येक जण आजारी, असे धरणे हिशेबातच चुकीचे आहे. अखेर जून २०२४ मध्ये एंडोक्राइन सोसायटीनेच नवी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध करून ३० चा आग्रह सोडला आणि निरोगी व्यक्तींची सरसकट चाचणी करू नये, असे सुचवले. ज्या संघटनेने तो आकडा दिला तिनेच तो मागे घेतला, तरी आपल्याकडच्या अनेक रिपोर्टांवर जुनी चौकट अजून छापली जाते आणि तिच्याच आधारे औषध लिहिले जाते.

भारतात कमतरता नाही, असे मी म्हणत नाही. २०१६ ते २०१८ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वंकष पोषण सर्वेक्षणात १२ नॅनोग्रॅमच्या खालची पातळी ही कमतरता मानली गेली. मुलांसाठी इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संघटनाही हीच सीमा मानते. या कडक सीमेनेसुद्धा एक ते चार वर्षांच्या मुलांपैकी १४ टक्के, पाच ते नऊ वर्षांच्या मुलांपैकी १८ टक्के आणि किशोरवयीनांपैकी २४ टक्के मुलांमध्ये कमतरता आढळली. वाढीच्या ऐन वयात चारपैकी एका मुलाच्या हाडांना पुरेसे ‘ड’ मिळत नसेल, तर ती गंभीर गोष्ट आहे आणि तिच्यावर उपाय व्हायलाच हवा. परंतु चारपैकी एक आणि ‘जवळजवळ सगळेच भारतीय’ यांत मोठे अंतर आहे. सगळेच आजारी ठरले की खऱ्या आजारी माणसाला वेगळे ओळखण्याची गरजच कोणाला वाटत नाही.

आकड्याच्या विश्वासार्हतेचाही प्रश्न आहे. बहुतेक प्रयोगशाळा प्रतिपिंडांवर आधारलेल्या यंत्रांनी ही मोजणी करतात. मास स्पेक्ट्रोमेट्री ही अधिक नेमकी पद्धत थोड्याच ठिकाणी आहे. एकाच रक्ताच्या नमुन्याचे दोन ठिकाणचे आकडे काही नॅनोग्रॅमने वेगळे येऊ शकतात, ऋतूप्रमाणे पातळी खालीवर होते, आणि मुख्य म्हणजे शरीरात दाह असताना ती घसरते. गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेआधी आणि नंतर रक्त तपासलेल्या एका अभ्यासात, पुरवठ्यात काहीही फरक पडलेला नसताना, शस्त्रक्रियेनंतर अवघ्या एक-दोन दिवसांत ही पातळी लक्षणीय खाली आल्याचे दिसले. अतिदक्षता विभागातल्या किंवा तापाने फणफणलेल्या रुग्णाची पातळी कमी आली तर आजारामुळे पातळी घसरली आहे, की कमी पातळीमुळे आजार झाला आहे, हे तो एक आकडा सांगू शकत नाही.

नेमक्या याच ठिकाणी गेल्या वीस वर्षांतला मोठा गैरसमज जन्मला. मधुमेह, हृदयविकार, कर्करोग, नैराश्य, क्षयरोग अशा कितीतरी आजारांच्या रुग्णांमध्ये ‘ड’ची पातळी कमी आढळते, असे शेकडो निरीक्षणांनी दाखवले आणि त्यावरून ही पातळी वाढवली तर हे आजार टळतील, असे गृहीत धरले गेले. आजारी माणूस घरात राहतो, कमी खातो, कमी चालतो, त्याचे वजन अनेकदा जास्त असते. या प्रत्येक कारणाने पातळी उतरते. म्हणून हा प्रश्न निरीक्षणाने सुटणारा नव्हता. चिठ्ठ्या टाकून दोन गट करायचे, एकाला जीवनसत्त्व आणि दुसऱ्याला तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी द्यायची, आणि वर्षानुवर्षे वाट पाहायची, हाच मार्ग होता. तो अवलंबला गेला. अमेरिकेतील ‘व्हायटल’ या चाचणीत २५,८७१ जणांना सुमारे पाच वर्षे रोज २,००० आययू किंवा निष्क्रिय गोळी देण्यात आली. २०१८ मध्ये निकाल आला: कर्करोग झाला तितकाच, हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघातही तितकेच. २०२२ मध्ये त्याच चाचणीतून हाडे मोडण्याचे प्रमाणही कमी झाले नसल्याचे कळले. ऑस्ट्रेलियात २१,३१५ ज्येष्ठांना पाच वर्षे दरमहा ६०,००० आययू किंवा निष्क्रिय गोळी देण्यात आली आणि मृत्यूचे प्रमाण बदलले नाही. आपल्याकडे लोक ‘महिन्याला एक पुडी’ म्हणून जी मात्रा घेतात, ती नेमकी हीच. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या २,४२३ जणांना रोज ४,००० आययू देऊन पाहिले, तेव्हाही दोन गटांतला फरक योगायोगापलीकडचा ठरला नाही. सगळेच निकाल कोरे होते असे नाही. ‘व्हायटल’मध्ये स्वप्रतिकारक आजारांचे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याच्या आजारांचे, प्रमाण काहीसे कमी दिसले आणि त्याचा पाठपुरावा व्हायला हवा. पण थकवा, केस गळणे किंवा ‘ताकद कमी वाटणे’ यांवर या पुड्या वाटण्याला त्यातून आधार मिळत नाही.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो विचार करण्याजोगा आहे. या चाचण्यांतली माणसे प्रामुख्याने गोरी होती आणि त्यांची पातळी आधीच चांगली होती. ज्याचे पोट भरलेले आहे त्याला आणखी जेवण देऊन भुकेविषयी निष्कर्ष कसा काढायचा, असा तो प्रश्न आहे. ‘व्हायटल’मधल्या सहभागींची सरासरी पातळी ३० च्या आसपास होती, हे खरे आहे. मात्र त्यात पाच हजारांहून अधिक कृष्णवर्णीय होते, आणि २० पेक्षा कमी पातळीच्या उपगटातही हाडे मोडण्याचे प्रमाण घटले नाही. याहून बोलका पुरावा मंगोलियातून आला. तिथे ८,८५१ शाळकरी मुलांना तीन वर्षे दर आठवड्याला १४,००० आययू किंवा निष्क्रिय गोळी दिली गेली. त्या मुलांपैकी ९५ टक्क्यांहून अधिक मुलांची पातळी सुरुवातीला २० च्या खाली होती, आणि गोळ्यांनी ती चांगली वाढलीही. क्षयाचा संसर्ग मात्र कमी झाला नाही. म्हणजे रक्तातला आकडा सुधारला, पण ज्यासाठी तो सुधारायचा ते साधले नाही.

मग हे जीवनसत्त्व उपयोगी पडते कोणाला? १९९२ मध्ये फ्रान्समधल्या वृद्धाश्रमांत राहणाऱ्या तीन हजारांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या चाचणीचे उत्तर अजून टिकून आहे. सरासरी वय ८४, उन्हात जाणे जवळजवळ नाही, आहारात कॅल्शियम कमी. त्यांना रोज ८०० आययू आणि त्याच्या जोडीला १.२ ग्रॅम कॅल्शियम दिल्यावर खुब्याचे हाड मोडण्याचे प्रमाण बरेच घटले. मात्रा लहान, रोजची, कॅल्शियमसह, आणि जिला खरोखर गरज आहे अशा व्यक्तीला. गंमत म्हणजे या स्त्रियांना उपचार देण्यापूर्वी प्रत्येकीची पातळी मोजण्याची गरज नव्हती. त्यांचे वय आणि राहणीमान पुरेसे सांगत होते.

आता आपल्या पुडीकडे येऊ. प्रौढ माणसाची रोजची गरज भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर) आणि राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० मध्ये ६०० आययू ठरवली आहे. त्या हिशेबाने ६०,००० ची एक पुडी म्हणजे शंभर दिवसांची बेगमी, आणि ‘आठवड्याला एक, आठ आठवडे’ म्हणजे रोज साडेआठ हजार आययू, म्हणजे दीर्घकाळ सुरक्षित मानलेल्या ४,००० च्या वरच्या मर्यादेच्या दुपटीहून जास्त. खऱ्या कमतरतेत हा उपचार ठरावीक काळापुरता योग्यच आहे. अडचण अशी की चिठ्ठीवर ‘आठ आठवडे’ लिहिलेले असते आणि चिठ्ठी दोन-तीन वर्षे चालते. ती सासूकडून सुनेकडे जाते, शेजारणीकडे जाते. मेडिकलवाला ती पाहून किंवा न पाहताही पुडी देतो. कधी कधी आठवड्याची पुडी समजुतीच्या घोटाळ्याने रोज घेतली जाते. बाजारात ६ लाख आययूचे इंजेक्शनही मिळते, आणि ‘अंग दुखते’ या तक्रारीवर ते दर पंधरवड्याला टोचून घेतलेले रुग्ण उलट्या, बद्धकोष्ठता, अतोनात तहान आणि गोंधळलेल्या अवस्थेत रुग्णालयात येतात. रक्तातले कॅल्शियम चढलेले असते, मूत्रपिंडे थकलेली असतात, आणि हे जीवनसत्त्व चरबीत साठून राहत असल्यामुळे औषध थांबवले तरी त्रास आठवडे, कधी महिने चालू राहतो. भारतातल्या वैद्यकीय नियतकालिकांत अशा रुग्णांच्या नोंदी वारंवार प्रसिद्ध झाल्या आहेत.

विषबाधा हे टोक झाले, पण मोठ्या मात्रांचे नुकसान त्याच्या बरेच अलीकडे सुरू होते. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या २,२५६ स्त्रियांना वर्षातून एकदा ५ लाख आययू देऊन पाहिले, तर त्या जास्त वेळा पडल्या आणि त्यांची हाडेही जास्त मोडली. २०१० मधला हा निकाल आहे. २०१६ मध्ये झुरिकमध्ये पूर्वी पडलेल्या दोनशे ज्येष्ठांवर झालेल्या अभ्यासात महिन्याला ६०,००० घेणाऱ्या गटात, २४,००० घेणाऱ्या गटापेक्षा, पडणाऱ्यांचे प्रमाण जास्त निघाले. ज्या पुडीने आजीची हाडे बळकट होतील या भावनेने मुलगा ती महिन्याच्या महिन्याला आणून देतो, तिच्याविषयी हे माहीत असणे त्याचा हक्क आहे. एंडोक्राइन सोसायटीने पन्नाशीपुढच्या ज्या व्यक्तींना पुरवणी द्यायची, त्यांना मोठ्या डोसांऐवजी रोजचा लहान डोस द्यावा असे २०२४ मध्ये सुचवले, ते अशाच पुराव्यावरून.

आता चाचणी कोणाची करावी याकडे वळतो, कारण हाच या लेखाचा गाभा आहे. दिवसभर घरात, अंगभर कपड्यांत राहणारी, दोन-तीन बाळंतपणे झालेली, दूध जेमतेम चहापुरते घेणारी स्त्री डोळ्यांसमोर आणा. कंबर, नितंब आणि मांड्या सतत दुखतात. जमिनीवरून उठताना ती आधी गुडघ्यावर हात ठेवते, मग भिंत धरते. जिना कठड्याला धरून चढते. चालताना दोन्ही बाजूंना डुलते. नडगीवर अंगठ्याने दाबले तर ती कळवळते. तिला ‘वात आहे’ असे सांगून वर्षानुवर्षे वेदनाशामक गोळ्या दिल्या जातात आणि कधी ‘मनाचा आजार’ असाही शिक्का बसतो. हा ऑस्टिओमलेशिया, म्हणजे हाडे मऊ पडण्याचा आजार असू शकतो. तिच्या रक्तातले अल्कलाइन फॉस्फेटेज हे विकर साध्या तपासणीत वाढलेले दिसते, कॅल्शियम आणि फॉस्फरस कमी येऊ शकतात, एक्स-रेमध्ये खुब्याजवळ अर्धवट तडे दिसतात. इथे ‘ड’ची चाचणी करणे हे कर्तव्य आहे, आणि तिला मोठ्या मात्रेचा उपचार, कॅल्शियम आणि तीन महिन्यांनी फेरतपासणी मिळाली तर ती काही महिन्यांत भिंत न धरता उठते. हे वैद्यकातले अतिशय समाधान देणारे उपचार आहेत, म्हणूनच ते चुकले की वाईट वाटते.

तिच्यासारखेच मुडदुसाची लक्षणे असलेले मूल, फिट्सच्या गोळ्या किंवा क्षयाचे औषध रिफाम्पिसिन दीर्घकाळ घेणारे रुग्ण, आतड्यांतून अन्न नीट शोषले न जाणारे किंवा वजन घटवण्याची शस्त्रक्रिया झालेले रुग्ण, मूत्रपिंड आणि यकृताचे जुने आजार, पॅराथायरॉइडचे (रक्तातले कॅल्शियम सांभाळणाऱ्या ग्रंथींचे) विकार, आणि ठिसूळ हाडांसाठी झोलेड्रॉनिक अॅसिडचे इंजेक्शन घेण्यापूर्वीचे रुग्ण यांची चाचणी करावी. या प्रत्येक ठिकाणी आकडा कळल्यावर डॉक्टर काहीतरी वेगळे करणार आहेत. जिथे उत्तर काहीही आले तरी सल्ला तोच राहणार आहे, तिथे रुग्णाच्या खिशाला कात्री लावू नये.

काहींना तर चाचणीशिवायच जीवनसत्त्व द्यायला हवे. आईच्या दुधात ‘ड’ फार कमी असते, म्हणून तान्ह्या बाळाला पहिले वर्षभर रोज ४०० आययूचे थेंब द्यावेत, असे बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. थेंबांच्या बाटल्या वेगवेगळ्या तीव्रतेच्या असतात, कुठे एका मिलिलिटरमध्ये तर कुठे एका थेंबातच ४०० आययू असतात, त्यामुळे बाटली बदलली की मात्रा पुन्हा विचारून घेणे आवश्यक आहे. गर्भवतींना सरकारी कार्यक्रमातून मिळणाऱ्या कॅल्शियमच्या प्रत्येक गोळीत २५० आययू ‘ड’ असते आणि दिवसाला दोन गोळ्या घ्यायच्या असतात; चौथ्या महिन्यापासून बाळंतपणानंतरच्या सहा महिन्यांपर्यंत. कोणाचेही रक्त न तपासता राबवलेले हे धोरण शास्त्रीय आहे. दुःख एवढेच की या गोळ्या अनेक घरांत फडताळात पडून राहतात, आणि त्याच घरातला धडधाकट पुरुष पॅकेजमध्ये आपली पातळी मोजून घेतो.

उन्हाविषयीही नीट सांगायला हवे. नाशिक भागात हचिसन आणि शहा यांनी शंभर वर्षांपूर्वी केलेला, १९२२ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आजही जगभरच्या लेखनात उद्धृत होतो. पडद्यात राहणाऱ्या सुखवस्तू घरांतल्या बायका-मुलांत त्यांना मुडदूस आढळला. आहार त्यांच्याहून निकृष्ट असलेल्या, पण उघड्यावर राबणाऱ्या गरिबांत तो जवळजवळ नव्हता. ऊन किती महत्त्वाचे, हे त्यावरून कळते. पण आपल्याकडे बाळाला आणि वृद्धाला सकाळचे कोवळे ऊन दाखवण्याची जी पद्धत आहे, तिचा या कामी फारसा उपयोग होत नाही. त्वचेत ‘ड’ तयार करणारे अतिनील-बी किरण सूर्य वर आल्यावर, साधारण दहा ते तीन या वेळात, पुरेसे पोहोचतात, आणि खिडकीच्या काचेतून ते आत येत नाहीत. सावळ्या त्वचेला वेळही जास्त लागतो. शाळेची मधली सुट्टी मैदानात झाली तर मुलांना हे ऊन आपोआप मिळते. मैदानच नसलेल्या शाळांना आपण परवानगी देत राहतो, हा आरोग्याचाही प्रश्न आहे. आहाराकडून मोठी अपेक्षा ठेवता येत नाही. ‘एफ’ची खूण असलेल्या पोषणयुक्त दुधाच्या पेल्यातून ४० ते ६० आययू मिळतात, एवढ्याने गरज भागत नाही, तरी संपूर्ण लोकसंख्येचा पाया थोडा उंचावतो, म्हणून ती योजना ऐच्छिक न ठेवता सक्तीची करावी, असे मला वाटते. नाचणी, दूध, तीळ यांतले कॅल्शियम तर हवेच. ते नसेल तर नुसत्या ‘ड’ने हाड बनत नाही.

काही देशांनी या प्रश्नाचा निर्णय केव्हाच घेतला. कॅनडातील ऑन्टारियो प्रांताने २०१० च्या अखेरीस सरसकट चाचण्यांचे पैसे देणे बंद केले, ऑस्ट्रेलियाने २०१४ मध्ये त्यासाठी निकष घातले. आपल्याकडे बहुतेक चाचण्यांचा खर्च रुग्ण स्वतः करतो, त्यामुळे कोणत्याही सरकारी तिजोरीला तो बोचत नाही आणि लगाम घालायला कोणी पुढे येत नाही. निदान प्रयोगशाळांनी रिपोर्टवरची जुनी चौकट बदलावी, पॅकेजमधून ही चाचणी काढून ती डॉक्टरांच्या लेखी कारणाशिवाय करू नये, आणि ६०,००० ची पुडी व ६ लाखांचे इंजेक्शन चिठ्ठीशिवाय विकले जाणार नाही याकडे अन्न व औषध प्रशासनाने लक्ष द्यावे. डॉक्टरांनी चिठ्ठीवर पुड्यांची संख्या आणि शेवटच्या पुडीची तारीख लिहावी, आणि त्यानंतर काय घ्यायचे, रोजची लहान गोळी की काहीच नाही, हेही त्याच चिठ्ठीवर लिहावे.